टाचदुखीवर शॉकवेव्ह घेण्याआधी

सहा महिने टाच दुखतेय, सकाळी पहिलं पाऊल टेकवत नाही आणि फिजिओंनी शॉकवेव्ह सुचवलंय, तर घाबरू नका. यात विजेचा झटका नसतो. दाबाच्या ध्वनिलहरी असतात. १९८० मध्ये म्युनिकला मुतखडा फोडायला वापरल्या, त्याच जातीच्या. सहसा आठवड्याच्या अंतराने ३ ते ५ बैठका होतात.

मशीन चालू असताना दुखतं. सहन होईना तर लगेच सांगा, जोर कमी करता येतो. सुन्न करायचं इंजेक्शन मात्र मागू नका. नेमकी दुखरी जागा तुमच्या सांगण्यावरूनच सापडते. रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपण, त्या जागी गाठ, नुकतंच घेतलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन, यातलं काहीही असेल तर पहिल्याच भेटीत बोला. आयबुप्रोफेनसारखी दुखणं कमी करणारी गोळीही विचारूनच घ्या.

आणि व्यायाम सोडू नका! माझ्या मते निम्मं काम तेच करतात. पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, आणि टाचा अगदी सावकाश वर-खाली. फरक हळूहळू, कधी १२ आठवड्यांनी जाणवतो, म्हणून दुसऱ्या बैठकीनंतर उपचार अर्धवट टाकू नका.