वाचकांचे प्रश्न : मागची विंग बसवताना

प्रश्न (दुबई) : माझी टोयोटा जीआर८६ आहे. अधूनमधून ट्रॅकवर नेतो. १५०० मिमी लांब आणि २५० मिमी रुंद अशी कार्बन फायबरची विंग, म्हणजे डिकीवर बसवायचं आडवं पातं, घेतली आहे. दोन ब्रॅकेट, प्रत्येकाला चार एम६ (६ मिमी व्यासाचे) बोल्ट. बसवणारा म्हणतो, डिकीच्या झाकणाला आठ भोकं पाडायची, बोल्ट आवळायचे, दोन तासांत गाडी हातात. एवढं पुरेल का?

उत्तर : दोन तासांत विंग बसेल, पण टिकणार नाही. आधी भार बघा. तुमच्या विंगचं क्षेत्रफळ ०.३७५ चौरस मीटर. लिफ्टचा गुणांक (पातं वाऱ्यातून किती दाब काढतं तो आकडा) १ धरला, तर ताशी ८० किमीला ती गाडीला साधारण ११ किलोने खाली दाबते, १२० ला २५ किलोने, १६० ला ४५ आणि २०० ला ७० किलोने. वेग दुप्पट झाला की भार चौपट होतो. शिवाय वारा विंगला मागे ओढत असतो आणि ब्रॅकेट उंच असल्यामुळे ती ओढ पायाशी उचकटल्यासारखी लागते : पुढचे बोल्ट वर खेचले जातात, मागचा काठ पत्र्यात रुततो. झाकणाचा बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. नुसत्या वॉशरवर बोल्ट आवळले, तर भोकाभोवती पत्रा आत-बाहेर होत राहतो. आधी रंगाला केसासारखी चीर पडते, तिच्यातून पाणी शिरतं, मग पत्रा फाटतो. सगळी मेहनत करायची ती पत्र्याच्या खालच्या बाजूला.

प्रत्येक ब्रॅकेटच्या पायाखाली, झाकणाच्या आतून, ३ मिमी जाडीची अॅल्युमिनियमची आधारपट्टी हवी. ती पायापेक्षा चारही बाजूंनी किमान १५ मिमी मोठी कापा, कोपरे गोल करा, प्रायमर मारा. झाकण दोन पत्र्यांचं असतं आणि मध्ये पोकळी. आतल्या पत्र्याच्या खिडकीतून हात जात असेल तर पट्टी थेट बाहेरच्या पत्र्याला टेकवा. जात नसेल तर बोल्ट दोन्ही पत्र्यांतून आरपार घ्यावा लागतो. अशा वेळी पोकळीच्या नेमक्या उंचीची धातूची नळी प्रत्येक बोल्टभोवती घालायलाच हवी. नळी नसेल तर बोल्ट आवळताना झाकण चेपतं आणि बाहेरून खळगा दिसतो. चेपलेलं झाकण परत उठवणं डेंटिंगवाल्यालाही जड जातं.

भोकं पाडण्याआधी झाकणावर मास्किंग टेप लावा. मध्यरेषा झाकणाच्या दोन्ही बाजूंच्या फटींपासून मोजून काढा. नंबरप्लेट किंवा लोगोवरून काढू नका, ते नेमके मध्यावर असतीलच असं नाही. विंग ब्रॅकेटवर चढवून टेपने तात्पुरती उभी करा, दहा पावलं मागे जाऊन बघा, आरशातून मागचं दिसतं का तेही बघा. झाकणावरचा तिसरा ब्रेक लाइट झाकला जात असेल तर ब्रॅकेट हलवा. मग पुठ्ठ्याच्या साच्यावरून खुणा करून पंच मारा, ३ मिमीचं पायलट भोक पाडा आणि स्टेप ड्रिलने ६.५ मिमीपर्यंत न्या. डिकीत आधी जुनी चादर अंथरा. लोखंडी कीस गालिच्यात राहिला की पहिल्या ओलाव्यात गंजाचे ठिपके उठतात. भोकाचे काठ कानशीने साफ करा, झिंक प्रायमर लावा, वर टचअपचा रंग, आणि रात्रभर वाळू द्या. ही रात्र वाचवणारे फार असतात. गंज तिथूनच सुरू होतो.

ब्रॅकेटखाली जाड मऊ रबर घालू नका. रबर दबत जातं, बोल्ट सैल पडतो, तुम्ही पुन्हा आवळता, ते पुन्हा दबतं. त्याऐवजी पेंट प्रोटेक्शन फिल्मचा तुकडा आणि प्रत्येक भोकाभोवती पॉलियुरेथेन सीलंटचं पातळ कडं. स्टेनलेसचे एम६ बोल्ट नायलॉक नटांसह (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज सैल न होणारे नट) ७ ते ८ न्यूटन-मीटरला आवळा. ब्रॅकेट बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच पाळा. आटे आधी अँटी-सीझने (आटे रुतू न देणाऱ्या वंगणाने) माखा आणि सावकाश फिरवा, इम्पॅक्ट गन लावू नका. कोरडं स्टेनलेस जोरात फिरवलं की आटे एकमेकांत रुतून बसतात आणि बोल्ट कापूनच काढावा लागतो. पहिल्या १०० किमीनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा आणि नटावर रंगाची रेघ ओढून ठेवा. पुढे रेघ सरकली की सैल पडलेला नट लांबूनच कळतो.

ट्रॅकवर नेण्याआधी उभ्या गाडीत एक चाचणी घ्या : झाकण बंद करून विंगच्या लांबीवर वाळूच्या पिशव्या सारख्या पसरा, एकूण ६०-७० किलो. झाकण आणि बंपर यांच्यातली फट आधी, भार असताना आणि भार काढल्यावर मोजा. भार काढल्यावर फट पूर्वीइतकी होत नसेल तर काहीतरी वाकलेलं आहे, उघडून बघा.

विंगच्या वजनाने डिकी उघडी राहत नाही, हेही अनेकांना उशिरा कळतं. ब्रॅकेटसह पाच-सहा किलो झाकणाच्या टोकाशी आले की ते अर्ध्यावरून खाली येतं, आणि खाली तुमचं डोकं असतं. उघडं झाकण जागेवर ठरत नसेल तोवर सामान काढताना काठीचा आधार द्या.

दुबईतल्या उन्हाबद्दल एक. कार्बनचे धागे धरून ठेवणारं इपॉक्सी स्वस्त आणि खोलीच्या तापमानालाच वाळवलेलं असेल तर ते ६०-७० अंशांना मऊ पडू लागतं. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात काळी विंग त्याच्याही पुढे तापू शकते. विणीचे धागे पृष्ठभागावर उठून दिसू लागले किंवा पातं मध्ये झुकलं, तर कारण हेच. विकणाऱ्याला विचारा : विंग भट्टीत किंवा ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या भट्टीत) किती अंशांना पक्की केली? आकडा सांगता येत नसेल तर उत्तर मिळालंच. आणि रस्त्यावरही विंग ठेवणार असाल तर मंजुरीचं तिथल्या वाहन तपासणी केंद्रात आधी विचारा, भोकं पाडल्यावर नको.

प्रश्न (पुणे) : मागे विंग लावल्यापासून वेगात वळताना गाडीचं नाक बाहेर पळतं. विंग तर पकड वाढवते ना?

उत्तर : मागची वाढवते, पुढची कमी करते. विंग मागच्या आसाच्याही मागे असते, त्यामुळे आस टेकूसारखा काम करतो. चाकांच्या आसांमधलं अंतर २५७५ मिमी आणि विंग मागच्या आसापासून १ मीटर मागे धरा. विंगवर ४५ किलो आले की मागच्या चाकांवर साधारण ६२ किलो वाढतात आणि पुढच्यांवरून १७ उतरतात. कमी वेगात हे जाणवत नाही, वेगवान वळणात लगेच जाणवतं.

उपाय दोन : पुढे स्प्लिटर (बंपरखालची आडवी पट्टी, जी पुढची बाजू खाली दाबते) लावायचा किंवा मागच्या विंगचा कोन कमी करायचा. खर्च बघता आधी दुसरा करा. गाडी सपाट जमिनीवर, टायरमध्ये नेहमीची हवा. पात्याच्या पुढच्या आणि मागच्या काठाला टेकेल अशी सरळ पट्टी ठेवा आणि तिच्यावर डिजिटल अँगल गेज. दोन्ही टोकांना आकडा सारखाच यायला हवा. नसेल तर ब्रॅकेट तिरके बसले आहेत. २ अंशांपासून सुरुवात करा आणि एका वेळी २ अंशच बदला. छतावरून येणारी हवा उतरत येते, त्यामुळे पात्याला मिळणारा खरा कोन गेजवरच्या आकड्यापेक्षा जास्त असतो, तोही मध्यभागी अधिक. म्हणून गेजवर १० अंश दिसत असताना पात्याचा मधला भाग स्टॉल झालेला, म्हणजे तिथे हवा पात्याला सोडून निघालेली असू शकते. मग दाब वाढत नाही, फक्त ओढ वाढते.

प्रश्न (रत्नागिरी) : विंग जिथे अॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटला जोडली आहे तिथे पांढरी पावडर धरते. पुसली की परत येते.

उत्तर : अॅल्युमिनियम झिजतंय. कार्बन वीजवाहक आहे. तो अॅल्युमिनियमला टेकला आणि मध्ये खारं दमट पाणी आलं की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि अॅल्युमिनियम खाल्लं जातं. कोकणच्या हवेत हे झपाट्याने होतं. जोड उघडा, ब्रॅकेट साफ करून पुन्हा अॅनोडाइज किंवा पावडर कोट करा. कार्बनच्या बाजूला पातळ काचफायबर आणि इपॉक्सीचा एक थर द्या. बोल्टभोवती नायलॉनचं बुश घाला, बोल्ट स्टेनलेसचे किंवा टायटॅनियमचे. झिंकचा मुलामा दिलेले लोखंडी नकोत.

भोक मोठं करायची वेळ आली तर कार्बाइडचं ड्रिल वापरा, दोन्ही बाजूंना टेप लावा, मागे लाकडाचा तुकडा दाबून धरा आणि बाहेर पडताना अजिबात जोर देऊ नका, नाहीतर मागचे थर उकलतात. भोकाचं केंद्र काठापासून व्यासाच्या किमान तिप्पट आत हवं. भोकाच्या आतून इपॉक्सी फिरवा. त्या काळ्या धुळीसाठी चांगला मास्क आणि व्हॅक्यूम लागतोच, नुसता रुमाल नको.

प्रश्न (कोल्हापूर) : विंग झाकणावर बसवण्यापेक्षा खांब थेट चाकांच्या सस्पेन्शनला जोडले तर भार सरळ टायरवर जाईल. असं का करत नाहीत?

उत्तर : केलेलं आहे. १९६६ च्या चॅपरल २ई या शर्यतीच्या गाडीची विंग तशीच होती, १९६८ मध्ये लोटसने फॉर्म्युला वनमध्ये तेच केलं. मे १९६९ मध्ये बार्सिलोनातल्या मोन्जुइकच्या शर्यतीत ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोन चालकांच्या लोटसच्या विंगा मोडल्या, दोन्ही गाड्या आदळल्या. त्याच महिन्यात मोनॅकोत उंच विंगांवर बंदी आली. हिशेब बरोबर आहे, पण चाकासोबत वर-खाली होणारे लांब बारीक खांब सततच्या ताणाने थकून मोडतात. तुमच्या गाडीवर करू नका.

प्रश्न (ठाणे) : रस्त्यावर अशी विंग लावून चालेल का?

उत्तर : नाही म्हणूनच धरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अपघातानंतर विमा कंपनीला न सांगितलेला बदल हाती लागला की दाव्याचं काय होईल ते वेगळंच. आपल्याकडचे बहुतेक हौशी लोक गाडी कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला किंवा ग्रेटर नोएडाला नेतात. ब्रॅकेट असे निवडा की पातं चार बोल्ट काढून सुटं होईल. गाडी फ्लॅटबेडवर, पातं ब्लँकेटमध्ये गुंडाळून वेगळं. एवढं करून पुन्हा रोजच्या रस्त्यावर, ताशी ८० ला मिळणाऱ्या ११ किलोच्या दाबासाठी हौस असेल, तर ती पैशाची हौस आहे.

प्रश्न (नाशिक) : विंग खरी कार्बनची आहे की नुसती छपाई, कसं ओळखायचं?

उत्तर : टोकाची बाजूपट्टी काढून कापलेला काठ बघा. आतपर्यंत काळं असेल तर कार्बन; वर काळा थर आणि आत पांढुरकं-हिरवट असेल तर काचफायबरवर एक पदर चढवलेला आहे. तेही वाईट नाही, फक्त किंमत कार्बनची देऊ नका. काठाशी विणीचा नक्षा ताणल्यासारखा किंवा पुसट दिसला तर ती छपाई. ब्रॅकेट जिथे जोडतात तिथे आत धातूचा इन्सर्ट (बोल्ट धरणारा तुकडा) आहे का, हे मात्र त्याहून महत्त्वाचं. नसेल, बोल्ट नुसत्या फोममध्ये धरलेला असेल, तर विंग परत करा.