युरोपात १६व्या-१७व्या शतकांत शेतकरी पुरुषांचे कपडे शिंप्यांचे गिल्ड (धंद्याचे नियम ठरवणारे कारागिरांचे संघ) ठरवत असत का?

अर्धंच. बेतणी आणि शिवण गिल्डच्या हातात होती. कापड आणि कपड्याची लांबी नव्हे. जर्मन-ऑस्ट्रियन मुलखाचं उदाहरण घ्या. तिथे 'मास्तर', म्हणजे गिल्डचा पूर्ण हक्काचा शिंपी, होण्यासाठी उमेदवाराला परीक्षेत ठरावीक पन्ह्याच्या कापडावर कोट, झगा वगैरेंची बेतणी आखून दाखवावी लागे. लोकरी कापड महाग, त्यामुळे खरी परीक्षा तुकडे कमीत कमी कापडात बसवण्याची. अंदाज चुकला की बाहीला नाहीतर घेराला जोड आलाच. तोच साचा पुढे खेड्यात पोचे, कारण शिंपी बऱ्याचदा गिऱ्हाइकाच्या घरी बसून, त्याच्याच कापडावर, रोजमजुरी आणि जेवणावर शिवून देई. 'शेतकऱ्याचा कोट अर्ध्या पोटरीपर्यंतच, चुण्या सहाच्या वर नकोत, कापड देशीच' हा नियम मात्र पवित्र रोमन साम्राज्याच्या (हा मुलूख त्यातच मोडे) १५३०च्या फर्मानातला. लोक तो हमखास गिल्डच्या खात्यात टाकतात.

एक मर्यादा लक्षात ठेवा: हे वरच्या, लोकरी कपड्यांपुरतं. आतले लिननचे सदरे बहुधा घरच्या बायकाच शिवत, आणि गिल्डबाहेरचे चोरटे शिंपीही होतेच. त्यांच्याविरुद्ध गिल्डच्या तक्रारी सतत चालू असत.