वाचकांचे प्रश्न : नियमासाठी कोच काय गमवायला तयार आहे?

गेल्या अंकात फुटबॉल टीमच्या कल्चरवर दोन ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि मेसेज येतच राहिले. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण ज्या प्रश्नांवर मलाही बोलायचं होतं ते इथे घेतलेत.

प्रश्न : दादा, आमच्या ऑफिसात दर सोमवारी इंग्लंडच्या फुटबॉल प्रीमियर लीगवरून वाद होतो. एक मित्र म्हणतो कोचचं सगळं टीव्हीवाल्यांनी मोठं केलंय, वीस-पंचवीस करोडपती पोरं, त्यांना कोण शिस्त लावणार, दंड लावला तरी त्यांच्या खिशाला काय फरक पडतो. मला आतून वाटतं की फरक पडतो, पण मुद्दा मांडता येत नाही. (एक वाचक, परळ)

उत्तर : तुमच्या मित्राचं अर्धं बरोबर आहे, दंडाने फारसं काही होत नाही. २०१९ मध्ये फ्रँक लॅम्पार्ड लंडनच्या चेल्सी क्लबचा कोच असताना त्याची दंडाची यादी बाहेर फुटली होती. सरावाला उशिरा आलात तर वीस हजार पौंड, टीमच्या जेवणात फोन वाजला तर हजार पौंड, असं बरंच काही. पुढे जानेवारी २०२१ मध्ये लॅम्पार्डला काढलं, थॉमस टुकेल आला आणि तेच खेळाडू घेऊन मे महिन्यात चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकून मोकळा झाला. लॅम्पार्ड वाईट कोच होता असं मी म्हणत नाही, नवे खेळाडू विकत घ्यायला बंदी असताना पहिल्या सीझनला त्याने चौथा नंबर आणला होता, ते सोपं नव्हतं. पण टुकेलने आल्या आल्या मधल्या फळीत तीन बचावपटू (सेंटर बॅक) घेऊन बचाव बांधला, प्रत्येकाला आपण कुठे उभं राहायचं आणि बॉल गेला की कुठे धावायचं ते नेमकं कळायला लागलं, आणि तीच खरी शिस्त, जी यादीत लिहिता येत नाही.

मग फरक कशाने पडतो? माझं अनेक वर्षांचं मत सांगतो. कोच स्वतःच्या नियमासाठी काय गमवायला तयार आहे, ते खेळाडू बघत असतात. नियम सगळेच करतात हो, पण तो नियम टीमच्या सगळ्यात मोठ्या माणसाला लागू करायची वेळ आली की कोच काय करतो, तिथे ड्रेसिंग रूमचा सगळा निकाल लागतो.

२००८ मध्ये पेप ग्वार्डिओला स्पेनच्या बार्सिलोना क्लबला कोच म्हणून आला तेव्हा सदतीस वर्षांचा होता, त्याआधी फक्त बार्साची दुसरी टीम सांभाळलेली. आणि आल्या आल्या त्याने सांगून टाकलं की रोनाल्डिनियो आणि डेको माझ्या प्लॅनमध्ये नाहीत. रोनाल्डिनियो म्हणजे अख्ख्या क्लबचा चेहरा, दोन वर्षांपूर्वी चॅम्पियन्स लीग जिंकून दिलेला माणूस! पण त्याचा फिटनेस आणि रात्रीचं जागरण याबद्दल सगळ्यांना माहीत होतं, आणि पेपला तर बॉल गेला की पुढच्या काही सेकंदात सगळ्यांनी मिळून परत घ्यायचा असा खेळ खेळायचा होता. त्या खेळात पुढचा एक माणूस धावला नाही तर मागच्या दहा जणांची धाव फुकट जाते. म्हणजे बघा, कोचचं तत्त्वज्ञान एकीकडे आणि शिस्त दुसरीकडे असं नसतंच, खेळायची पद्धतच शिस्त मागते. त्याच सीझनला पेद्रो आणि बुस्केट्स ही दुसऱ्या टीममधली पोरं वर आली आणि बार्सिलोनाने तिन्ही मोठे कप जिंकले.

तुमच्या मित्राला हे आवडेल, पण त्याला लंडनच्या आर्सेनल क्लबचंही सांगा, कारण तिथे किंमत दिसते. डिसेंबर २०२१ मध्ये कोच मिकेल आर्टेटाने ऑबामेयांगची कॅप्टनशिप काढून घेतली, कारण शिस्तभंग, आणि फेब्रुवारीत तो बार्सिलोनाला निघूनही गेला. गोल करणारा मुख्य माणूस गेला, बदली आणला नाही, आणि आर्सेनल पाचवं येऊन चॅम्पियन्स लीगला मुकलं. तेव्हा इथे मुंबईतले आर्सेनलवालेही आर्टेटाला शिव्या घालत होते, मी ऐकल्यात. पण त्यानंतर तीन सीझन लागोपाठ दुसरा नंबर आला, साका, ओडेगार्ड, सलिबा ही पोरं त्या कडक वातावरणात तयार झाली. त्या वर्षीचं पाचवं स्थान हा तोटा होता हे मान्य करूनच आर्टेटाचं कौतुक करायला हवं.

प्रश्न : मग कोच टेन हागने पण तेच केलं ना मँचेस्टर युनायटेडला? रॅशफोर्डला बसवलं, रोनाल्डोला बसवलं, सँचोला बाहेर काढलं, शेवटी स्वतःच गेला. कडक कोच म्हणजे यश हे कसं मानायचं? (मँचेस्टर युनायटेडचा चाहता, मुलुंड)

उत्तर : मानूच नका. सुरुवात त्याची जबरदस्त होती. ३१ डिसेंबर २०२२ ला वुल्व्हजविरुद्ध रॅशफोर्डला बाहेर ठेवलं, कारण तो झोपून राहिला आणि मीटिंगला लेट झाला, हाफटाइमला उतरवला आणि त्यानेच गोल करून मॅच जिंकवली. शिस्त लावायची तर अशी लावावी, शिक्षा झाली, संपली, आणि माणूस परत टीमचा झाला. रोनाल्डो तर मॅच संपायच्या आधीच टनेलमध्ये निघून गेला होता, त्याला पुढच्या मॅचला घेतलं नाही हेही बरोबरच. पण सँचोच्या वेळी काय झालं, कोच पत्रकारांसमोर बोलला, सँचोने सोशल मीडियावर उत्तर दिलं, मग माफी मागणार की नाही यावर महिनोन्‌महिने अडून बसले दोघं, आणि सँचो जानेवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबला जाऊन चॅम्पियन्स लीगची फायनल खेळला. युनायटेड त्या सीझनला लीगमध्ये आठवं आलं. इंग्लंडचा एफए कप जिंकले हे खरं, पण ऑक्टोबर २०२४ मध्ये टेन हाग गेलाच. माझ्या मते त्याची खरी अडचण ही की टीम नेमकी कशी खेळणार हे मैदानावर कधी धड दिसलंच नाही, मिडफिल्डमध्ये तर ट्रक जाईल एवढी जागा मोकळी असायची, आणि खेळाचा विचार पोरांना पटला नसेल तर नियम नुसता जाच वाटतो.

प्रश्न : मी मुंबई सिटीच्या मॅचेस अंधेरीच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सला जाऊन बघतो. आमच्याकडे तर कोच सारखे बदलले, लोबेरा, बकिंगहम, क्रॅटकी, तरी ट्रॉफ्या आल्या. म्हणजे कल्चर कोचचं असतं की क्लबचं? (एक आयलँडर, म्हणजे मुंबई सिटीचा चाहता, जोगेश्वरी)

उत्तर : वा, हा प्रश्न मला खूप आवडला. पहिल्या काही वर्षांतली मुंबई सिटी आठवा, २०१४ ला पीटर रीड कोच, मग २०१५ ला आनेल्का खेळाडू आणि कोच दोन्ही, २०१६ ला फोर्लान आला. नावं मोठी, पण दरवर्षी खेळ वेगळा. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीचे मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मोठा हिस्सा घेतला आणि तिथून कोच निवडायची पद्धतच बदलली.

२०२० ला सर्जिओ लोबेरा आला, बार्सिलोनात घडलेला कोच, आणि त्याने आधी सांभाळलेल्या गोव्याच्या टीममधून त्याची पद्धत आधीच माहीत असलेले जाहू, फॉल, बूमूस, मंदार राव देसाई हे पण मुंबईत आले. हे महत्त्वाचं आहे, कारण नव्या पोरांना कोच जेवढं सांगतो त्याच्यापेक्षा जास्त शेजारी बसलेला खेळाडू सांगतो, इथे असं चालत नाही, बॉल उगाच लांब मारायचा नाही, गोलकीपरपासून पास करत यायचं. त्या सीझनच्या सगळ्या मॅचेस गोव्यात बायो-बबलमध्ये, महिनोन्‌महिने तीच माणसं, तेच हॉटेल, आणि मुंबईने लीग शील्ड (गुणतक्त्यात पहिल्या येणाऱ्या टीमला) आणि कप (नंतरच्या प्लेऑफ जिंकणाऱ्या टीमला) दोन्ही एकाच सीझनला घेतले, आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, हे पहिल्यांदाच झालं. फायनलला बिपिन सिंगने शेवटच्या मिनिटाला मारलेला गोल तुम्हाला आठवतच असेल.

मग डेस बकिंगहम आला तो याच ग्रुपच्या ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न सिटी क्लबात काम केलेला, आणि नंतर आलेला पीटर क्रॅटकी पण मेलबर्न सिटीतलाच, म्हणजे एकाच ग्रुपच्या शाळेतली माणसं. कोच बदलला पण वर्गात विषय तोच राहिला. तरीही सगळं सुरळीत झालं असं नाही, बकिंगहमच्या पहिल्या सीझनला आपण पाचवे आलो, प्लेऑफ पण नाही. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये रियाधला इराकच्या अल-कुवा अल-जाविया टीमला हरवून आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मॅच जिंकणारा पहिला भारतीय क्लब झालो, आणि २०२२-२३ ला शील्ड परत आणली. क्रॅटकीच्या वेळचं तर मी कधीच विसरणार नाही. एप्रिल २०२४ मध्ये कोलकात्यात शेवटच्या दिवशी मोहन बागानकडून २-१ हरून शील्ड हातातून गेली आणि तीन आठवड्यांच्या आत त्याच मैदानावर, त्याच टीमसमोर, आधी एक गोल खाऊन ३-१ ने कप जिंकला. एक गोल खाल्ल्यावर कोणी घाबरून बॉल वर उडवायला लागलं नाही, आपला पासिंगचा खेळ चालूच ठेवला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या मॅचमध्ये आहे, कल्चर क्लबचं असतं, पण कोच दर वेळी त्याच वळणाचा निवडला तरच.

प्रश्न : सगळी उदाहरणं परदेशी कोचची का? आपल्यात कोणी नाही का? (निवृत्त शिक्षक, गिरगाव)

उत्तर : सर, आहेत की! आणि तुमच्याच पेशातले आहेत. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, रहीमसाहेब, हे मूळचे शिक्षक. १९५१ आणि १९६२ ची एशियन गेम्सची सोनं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला चौथा नंबर, हे सगळं त्यांच्या हाताखाली. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसोझा आपल्या मुंबईत टाटांकडून खेळायचा. रहीमसाहेब पोरांसाठी अशा स्पर्धा ठेवायचे की ज्या पायाने येत नाही त्याच पायाने खेळायचं, म्हणजे शिस्त ही शिक्षा म्हणून नाही, रोजचा रियाझ म्हणून. जकार्ताला १९६२ ला बचावपटू जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडलेले असताना त्यांनी त्याला पुढे फॉरवर्ड म्हणून खेळवलं, आणि फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध त्याने गोल केला. त्या वेळी रहीमसाहेब स्वतः कॅन्सरने आजारी होते, पुढच्याच वर्षी गेले.

आणि आजचं नाव हवं असेल तर खालिद जमील. मुंबईच्या मैदानांवर महिंद्रा युनायटेड, एअर इंडियाकडून खेळलेला माणूस. मुंबई एफसी नावाचा क्लब होता आपला, आताची मुंबई सिटी नाही, तो वेगळा, तिथे त्याने कमी पैशात टीम वर्षानुवर्षं आय-लीग या देशातल्या मोठ्या लीगमध्ये टिकवून ठेवली. लोक म्हणायचे हा नुसता बचाव करतो, बोअर करतो. २०१६ ला त्याला जाऊ दिलं. तो मिझोरामच्या ऐझॉलला गेला, जो क्लब आधीच्या सीझनला खालच्या लीगमध्ये घसरला होता आणि मग आय-लीगमध्ये परत घेतला गेला. मुंबईतून जयेश राणे आणि आशुतोष मेहता तिकडे गेले, आणि ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये बरोबरी साधून ऐझॉल चॅम्पियन! त्याच सीझनला मुंबई एफसी शेवटच्या नंबरवर येऊन बाहेर पडली. शिस्तीला बोअर म्हणणाऱ्यांनी हा सीझन एकदा नीट बघावा. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद भारताचा कोच झाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, दहिसरहून चर्चगेटच्या बाजूला प्रॅक्टिसला जातो. मागच्या महिन्यात लोकल लेट झाल्या, हा दहा मिनिटं उशिरा पोचला, कोचने पुढच्या मॅचला बसवलं. घरी येऊन खूप रडला. मोठ्या खेळाडूंचं ठीक आहे, पण लहान पोरांना ही शिस्त योग्य आहे का? (एक आई, दहिसर)

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट बघा, त्या दिवशी उशिरा आलेला तो एकटाच होता का, आणि बाकीच्यांनाही बसवलं का. टीममधल्या सगळ्यात चांगल्या पोराला तोच नियम लागला असेल तर रागावू नका, तो कोच प्रामाणिक आहे. आणि चांगल्या पोराला सूट आणि तुमच्या मुलाला शिक्षा असं असेल तर नक्की जाऊन बोला, कारण त्यातून पोरं हेच शिकतात की गोल मारता येत असले की काहीही चालतं.

पण लोकलचा मुद्दा मला वेगळा वाटतो. प्रोफेशनल खेळाडू ट्रेनिंग ग्राउंडजवळ राहतो, स्वतःच्या गाडीने येतो, त्याचा उशीर हा त्याचाच असतो. दहिसरच्या पोराचा उशीर कधी कधी पश्चिम रेल्वेचा असतो, आणि मुंबईतल्या कोचने ते ओळखायला हवं. मला विचाराल तर चौदाव्या वर्षी मॅच काढून घेणं ही फार मोठी शिक्षा आहे, प्रॅक्टिसनंतर कोन आणि बॉल गोळा करायला लावले असते तरी पुरलं असतं. कोच मार्सेलो बिएल्साने इंग्लंडच्या लीड्स क्लबच्या पगारदार खेळाडूंना तीन तास कचरा वेचायला लावला होता, तिकिटाच्या पैशासाठी साध्या चाहत्याला तेवढा वेळ राबावं लागतं हे कळावं म्हणून. त्याच माणसाने एप्रिल २०१९ मध्ये ॲस्टन व्हिलाविरुद्ध, समोरचा खेळाडू मैदानावर पडलेला असताना आपल्या टीमने गोल मारला म्हणून, व्हिलाला अडवू नका, गोल करू द्या असं सांगितलं. मॅच १-१ राहिली, थेट प्रमोशनची, म्हणजे थेट प्रीमियर लीगमध्ये जायची, उरलीसुरली आशा त्याच दिवशी संपली, आणि पुढच्या वर्षी लीड्स खालच्या लीगचं चॅम्पियन होऊन वर आलं. आपल्या कोचने स्वतःचं नुकसान करून घेतलं हे त्या पोरांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

तेव्हा कोचना भेटा, तक्रार म्हणून नको, शांतपणे विचारा की गाडी लेट असेल तर मुलाने कोणाला आणि कधी कळवायचं. बहुतेक कोच ग्रुपवर एक मेसेज टाक म्हणतील. मुलालाही सांगा की एक लोकल आधीची पकडायची, आणि तरी उशीर झालाच तर बोरिवलीलाच मेसेज करायचा, चर्चगेटला उतरून नाही. आणि बाबांना किंवा तुम्हाला कोचशी भांडायला पुढे करायचं नाही, चौदा वर्षांचा आहे, त्याचं त्याने बोलावं, तुम्ही फक्त बाजूला उभ्या राहा.