पारायण की परायण? (आणि पोस्टरवरचा तो ‘गर्व’)

परदेशातल्या एका महाराष्ट्र मंडळात काम करणाऱ्या ताईंनी विचारलंय. तिकडेच जन्मलेल्या पोरांना आपल्या धर्माची, परंपरेची ओळख व्हावी, थोडा अभिमानही वाटावा, म्हणून त्यांनी ज्ञानेश्वरीचं पारायण ठेवलंय, इथून एक कीर्तनकार ऑनलाइन येणार आहेत आणि पोस्टरवर त्यांच्या नावाआधी ‘हरिभक्त पारायण’ असं छापून झालंय. ग्रुपवर एका काकांनी लगेच लिहिलं, पारायण नाही हो, परायण. तर बरोबर कोणतं, दोन्ही एकच का, आणि पोरांना नेमकं वाचायला काय द्यावं असा तिहेरी प्रश्न आहे. पोस्टरचा फोटो पण पाठवलाय, त्यात अजून एक गंमत आहे, तिच्याकडे येतोच.

काका बरोबर आहेत. दोन्ही शब्दांचं शेपूट एकच, ‘अयन’, म्हणजे जाणं, वाट, किंवा जिथे जायचं ती जागा. पुढचा भाग मात्र वेगळा. पारायण म्हणजे पार + अयन, आणि पार म्हणजे नदीचा पलीकडचा काठ. ग्रंथाच्या या काठाला उतरून त्या काठाला निघणं, मधे कुठे न सोडता. पारंगत, अपार, पैलपार, उपवासाचं पारणं (व्रत शेवटाला नेलं की जेवायचं ते) ही सगळी याच घरातली मंडळी. शब्द जुना किती, तर पाणिनीच्या अष्टाध्यायीत पारायण करणाऱ्यासाठी स्वतंत्र सूत्र आहे (५.१.७२), त्यावरून ‘पारायणिक’ असा शब्द होतो आणि टीकाकार त्याचं उदाहरण देतात ते विद्यार्थ्याचं, कुठल्या म्हाताऱ्या भाविकाचं नाही. तुमची पोरं पारायणाला बसली तर ती सगळी पारायणिक, सांगा त्यांना, भारी वाटेल.

परायण म्हणजे पर + अयन. इथे पर म्हणजे सगळ्यात वरचं, शेवटचं. ज्याचा शेवटचा आसरा, ज्याचं सर्वस्व अमुक आहे तो अमुकपरायण. हा शब्द एकटा फारसा फिरत नाही, कुणाच्या तरी शेपटाला लागून येतो, कर्तव्यपरायण, धर्मपरायण वगैरे. आणि तो दर वेळी चांगलाच असतो असंही नाही. गीतेत नवव्या अध्यायाच्या शेवटी ‘मत्परायणः’ येतो तो भक्तासाठी, पण सोळाव्यात आसुरी लोकांचं वर्णन चाललंय तिथे ‘कामक्रोधपरायणाः’ असा येतो. म्हणजे शब्द फक्त एवढंच सांगतो की माणूस कशाला वाहिलेला आहे, ते बरं की वाईट हे पुढच्या शब्दावर.

आता ह.भ.प. याचं मूळ रूप हरिभक्तिपरायण, हरीची भक्ती हेच ज्याचं सर्वस्व. पेपरात, पत्रिकांवर सर्रास ‘हरिभक्त परायण’ असं तोडून लिहितात. व्याकरणाला चिकटून अर्थ काढला तर हरिभक्तपरायण म्हणजे हरीच्या भक्तांना वाहिलेला, आणि वारकऱ्यांच्यात संतसेवेचं माहात्म्य बघता हा अर्थ काही वाईट नाही, त्यामुळे मी त्यावर भांडणार नाही. ‘हरिभक्त पारायण’ला मात्र काहीच अर्थ नाही, हरिभक्त हा काही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा ग्रंथ नाही! घोटाळा होतो कशामुळे हे कळतं, सप्ताहाच्या एकाच पोस्टरवर वर ‘पारायण सोहळा’ आणि खाली डझनभर ह.भ.प. असतात, टायपिंग करणाऱ्याची बोटं आपोआप काना देतात.

बोलताना पारायणाचा अर्थ थोडा सरकलाय हेही सांगायला हवं. मूळ अर्थ एकदा, पण पूर्ण. आपण मात्र म्हणतो, अमुक कादंबरीची कॉलेजात पारायणं केली, म्हणजे पुन्हा पुन्हा वाचली. सप्ताह दर वर्षी होतो, वाचणारे तेच, ग्रंथ तोच, त्यातून हा ‘पुन्हा पुन्हा’ चिकटला असावा असा माझा अंदाज. छोट्या गोष्टीच्या फेऱ्यांना खरा शब्द आहे आवर्तन, म्हणून अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं असतात, पारायणं नाही.

(एक फाटा. रामायण, उत्तरायण, पारायण यांत ण का आणि दक्षिणायनात न का? संस्कृतात आधी र किंवा ष आला की पुढच्या न चा ण होतो, मधे फक्त स्वर, क-वर्ग, प-वर्ग किंवा य, व, ह असली अक्षरं असली तर. दक्षिणायनात ष आहे खरा (क्ष म्हणजे क् + ष), पण मधेच एक ण बसलाय आणि तो पुढचा रस्ता अडवतो. ‘दक्षिणायण’ लिहू नका, कॅलेंडरवाल्यांनी छापलं असलं तरी.)

आता फोटोतली गंमत. पोस्टरवर खाली मोठ्या अक्षरांत आहे, ‘आम्हाला आमच्या संस्कृतीचा गर्व आहे’. ताई, हे आधी बदला, पारायणाच्या कान्यापेक्षा हे जास्त खुपतंय. हिंदीत गर्व चांगला आणि अभिमान जरा घमेंडीकडे झुकलेला, मराठीत बरोब्बर उलटं. आपल्याकडे गर्वाचं घर खाली असतं, आणि ज्या पोथ्या पोरांना वाचायला द्यायच्यात त्यांत गर्वहरणाच्या गोष्टी ढीगभर, भीमाला मारुतीची शेपटी उचलता येत नाही ती तर सगळ्यांना माहीत असते. मराठीत स्वाभिमान, देशाभिमान, अभिमान. तसं संस्कृतात अभिमानही फार सोवळा नाही, सांख्यकारिकेत (सांख्य तत्त्वज्ञानाचा जुना ग्रंथ) तर अहंकाराची व्याख्याच ‘अभिमान’ अशी केलीय, पण मराठीत तो शब्द केव्हाच सुधारला. गर्व अजून नाही सुधारला, आणि जाहिराती, सिरियली त्याला हिंदीतून उचलून आणतायत म्हणून मी तरी तो मान्य करणार नाही.

वाचायला काय, याबद्दल माझं मत तुम्हाला आवडेल की नाही माहीत नाही. पहिल्याच वर्षी अख्खं पारायण नको. ज्ञानेश्वरी नऊ हजारांच्या आसपास ओव्यांची, त्यातला अठरावा अध्याय एकटाच अठराशेच्या वर. गावाकडच्या सप्ताहात ते जमतं कारण पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन अशी सात दिवसांची मांडामांड असते आणि व्यासपीठचालक सगळ्यांना एका चालीत धरून नेतो. तिकडे शनिवार-रविवारच्या झूमवर पोरं फक्त पानं मोजतील. त्यापेक्षा बारावा अध्याय घ्या, गीतेचे वीसच श्लोक आहेत त्यात, ज्ञानेश्वरीतही तो छोटा, आणि भक्ताचं वर्णन इतकं गोड की समजावून सांगायला फार खटपट पडत नाही. नामदेवांच्या नावावरचं ते प्रसिद्ध वचन आहेच, ‘एक तरी ओवी अनुभवावी’, त्यात पारायणाची अट कुठेय.

दहावी-बारावीच्या पोरांना दासबोध द्या. वीस दशक, प्रत्येकी दहा समास, पण सुरुवात दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासापासून, मूर्खांची लक्षणं. हसतात, एकमेकांकडे बोटं दाखवतात, मग त्याच दशकाचा शेवटचा समास पढतमूर्खाचा, तिथे मोठी माणसंही गप्प बसतात. ज्यांना इंग्रजीतूनच गीता माहिती आहे त्यांना विनोबांची गीता प्रवचने, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात सांगितलेली आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलेली. बोली साधी आहे, आईवडिलांनी मोठ्यानं वाचली तरी पुरतं. महाभारत आवडत असेल तर इरावती कर्व्यांचं युगान्त, पण जरा मोठं झाल्यावर, कारण त्यात लाडक्या लोकांना सोडलेलं नाहीये. गुरुचरित्र मी सध्या सुचवणार नाही, त्याच्या पारायणाला नेमधर्म बरेच असतात आणि त्यावरून मंडळात वाद होतील ते वेगळेच.

आणि अभिमानाचंच म्हणाल तर पोरांना एकनाथांची गोष्ट सांगा. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. पुढच्या तीनशे वर्षांत नकला करकरून तिच्यात चुका आणि भलत्या ओव्या घुसल्या होत्या. नाथांनी प्रती शोधून, मिळवून शके १५०६ मधे (१५८४) शुद्ध प्रत तयार केली आणि शेवटी दम भरून ठेवला, की यात जो आपली मराठी ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. स्वतः एवढा मोठा कवी, पण दुसऱ्याच्या ग्रंथात आपली एक ओळ घातली नाही. हेच काम पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारतासाठी झालं, १९१९ ते १९६६, बाराशेहून जास्त हस्तलिखितं लावून, एकेका श्लोकाचे पाठभेद तळटिपांत देऊन. आमच्याकडे विमानं होती छापाच्या फॉरवर्डपेक्षा मला हे सांगायला जास्त आवडतं, कारण हे कुणीही जाऊन तपासू शकतं.

पुस्तकं मागवताना कव्हरवर ‘सार्थ’ हा शब्द बघून घ्या. सार्थ म्हणजे स + अर्थ, अर्थासकट. सार्थ ज्ञानेश्वरी, सार्थ दासबोध अशी मिळतात, ओवी आणि खाली आजच्या मराठीत तिचा अर्थ. नुसतं ‘मूळ’ किंवा ‘पारायण प्रत’ लिहिलं असेल तर त्यात बहुधा फक्त ओव्या असतात, मोठा टाईप, आडवी पानं, आजीला उत्तम पण तुमच्या पोरांना दुसऱ्या ओवीत अडायला होईल. आणि पोस्टर परत छापणारच असाल तर नुसतं ह.भ.प. ठेवा, फोड करायच्या भानगडीतच पडू नका.