नगरपरिषदेत लिनक्स आणायचं असेल तर आधी फाँट बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नगरपरिषदेत ४० संगणक आहेत, विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, निम्म्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही, नव्या खरेदीला निधी नाही आणि मुख्याधिकारी म्हणतात लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून बघा. टाकावं का?

टाका, पण सगळ्यात शेवटी टाका.

अशाच एका नगरपरिषदेत मी हे काम केलं आहे, आणि तिथे आम्ही नेमकं उलट केलं. शनिवार-रविवार बसून बारा मशीनवर लिनक्स टाकलं. सोमवारी सकाळी सभा लिपिक बाईंनी मागच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त उघडलं, तर पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं. पंधरा वर्षांचे ठराव गेले असं वाटून त्या रडकुंडीला आल्या. फाइल धड होती. पण जुन्या मराठी फाँटमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो. आत एखादं इंग्रजी अक्षर असतं आणि फाँट त्याला ‘क’ चं रूप देतो. फाँट गेला की मराठी गेली. हे आम्हाला आधी कळायला हवं होतं. चूक सर्वस्वी आमची होती.

म्हणून आज विंडोज आहे तसं राहू द्या आणि जुने दस्तऐवज युनिकोडमध्ये, म्हणजे ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, आणा. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, रफार नंतर. रूपांतरात नेमके हेच दोन चुकतात, शिवाय जोडाक्षरं आणि कधीकधी आकडे. ठराव ज्यांनी टाइप केले त्यांच्याकडूनच तपासून घ्या. मूळ फाइली मात्र जपून ठेवा.

दुसरी गोष्ट बोटांची. मराठी टंकलेखनाची परीक्षा देऊन आलेल्या जुन्या लिपिकांचा हात रेमिंग्टन या टाइपरायटरच्या कळरचनेवर बसलेला असतो. लिनक्सवर टायपिंगसाठी असलेल्या आयबसमध्ये एम१७एन हा कळरचनांचा संच घातला की मराठीसाठी रेमिंग्टन आणि इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कळरचना) दोन्ही मिळतात. ज्याला जे येतं ते द्या. टायपिंगचा वेग पडला की माणूस लिनक्सलाच नावं ठेवतो, आणि त्याचं चुकतही नाही.

मग विंडोजवरच लिब्रेऑफिस (एमएस ऑफिससारखं मोफत पॅकेज) आणि फायरफॉक्स ब्राउझर द्या, निदान तीन महिने. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने हाच क्रम धरला होता. त्यांचीही सुरुवात तुमच्यासारखीच झाली, विंडोज एनटी ४ चा सपोर्ट संपत आला म्हणून. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौर क्रिस्टियान ऊडे यांना भेटून गेले, तरी २००३ मध्ये लिनक्सचा ठराव झाला. ऑफिसची कामं आधी विंडोजवरच, लिब्रेऑफिस ज्यातून निघालं त्या ओपनऑफिसमध्ये आणली, पत्रांच्या नमुन्यांसाठी वोलमक्स नावाचं साधन स्वतः लिहिलं. २०१३ पर्यंत जवळपास १५,००० संगणक लिनक्सवर आले. आणि तरीही २०१७ मध्ये नव्या महापौरांच्या काळात विंडोजकडे परतण्याचा निर्णय झाला. महापालिकेनेच नेमलेल्या सल्लागारांनी मुख्य दुखणं आयटी विभागाच्या विस्कळीत रचनेत असल्याचं सांगितलं होतं. मला तुमच्याकडे भीती वाटते ती याचीच. तुमचा ऑपरेटर कंत्राटी आहे. एजन्सी बदलली की तो जाणार. म्हणून प्रत्येक मशीनवर एकच डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच), एकच तयार इमेज (सगळ्या मांडणीची जशीच्या तशी प्रत), आणि ती पुन्हा कशी चढवायची याची मराठीत लिहिलेली चार पानं आस्थापना विभागात ठेवा. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं बॉस नावाचं लिनक्स घ्या की डेबियन नावाचं, हा वाद मी घालणार नाही. बॉसही डेबियनवरच उभं आहे. ऑपरेटरला जे हाताळता येतं ते घ्या.

डिजिटल सहीचं टोकन आणि निविदा पोर्टल यांची चाचणी आधी एका मशीनवर प्रत्यक्ष सही करून घ्या. टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळाला म्हणजे पोर्टलवर सही होईलच असं नाही. नगररचनेचं ऑटोकॅड आणि लेखा विभागाचं जे फक्त विंडोजवर चालतं, त्यांना नवी चार-पाच मशीन विंडोज ११ सह द्या. तेवढा निधी निघतो. चाळीसच्या चाळीस बदलण्याचा हट्ट नको.

प्रिंटरने आम्हाला सर्वांत जास्त रडवलं. स्वस्तातले छोटे लेझर प्रिंटर पान तयार करण्याचं काम संगणकातल्या ड्रायव्हरवर टाकतात, आणि लिनक्सवर तो ड्रायव्हर अर्धवट असतो किंवा नसतोच. जन्म दाखल्याच्या खिडकीवर रांग लागलेली आणि पान अर्धं छापून थांबलेलं, असं नको असेल तर पुढची खरेदी करताना पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल चालणारा, म्हणजे पान स्वतःच तयार करणारा प्रिंटर अशी अट निविदेत लिहा.

जुन्या मशीनमध्ये एसएसडी (वेगवान डिस्क) टाका आणि रॅम ८ जीबी करा. एक्सएफसीई हा लिनक्सचा हलका डेस्कटॉप त्यावर छान चालतो.

आणि मार्चमध्ये हात लावू नका. वसुली आणि ताळेबंद आटोपू द्या. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आवक-जावकच्या दोन टेबलांपासून सुरू करा, आणि पहिले आठ दिवस ऑपरेटरला त्याच खोलीत बसवा.