एका तासिकेला एकच कागद

प्रिय मित्रा,

पहिल्या महायुद्धाच्या पाठाची तुझी आखणी वाचली. साधनं जमवण्यात मेहनत दिसते, पण एका तासिकेत त्या काळचे सात कागद दिलेस तर मुलं एकही धड वाचणार नाहीत. एक पुरे. आणि तो धडा संपल्यावर शोभेपुरता दाखवू नकोस. आधी कागद, मग धडा.

सुरुवात ब्रिटिश सैन्याच्या छापील पोस्टकार्डापासून कर. आघाडीवरच्या सैनिकाला घरी पाठवायला हे कार्ड मिळायचं. वाक्यं आधीच छापलेली : मी खुशाल आहे, मला इस्पितळात दाखल केलं आहे, तुमचं पत्र मिळालं, बरेच दिवस तुमचं पत्र नाही. नको ती खोडायची, खाली सही आणि तारीख. याखेरीज काही लिहिलं तर कार्ड नष्ट केलं जाईल, ही तंबीही त्यावरच.

मुलांच्या हातात प्रत दे आणि विचार, पाय गमावलेला माणूस यातलं काय खोडेल, काय ठेवेल? मग गप्प बस. थोड्या वेळानं कुणाच्या तरी लक्षात येईल की ‘जखमी आहे आणि सुधारतो आहे’ याची सोय आहे, ‘सुधारत नाही’ याची कुठेच नाही. इथवर मुलं स्वतः पोचली पाहिजेत, तू सांगून उपयोग नाही. त्यानंतर हे कार्ड कुणी छापलं आणि कशासाठी, याकडे वळ. सैनिकांची साधी पत्रं त्यांचेच अधिकारी वाचून पुढे पाठवत. या कार्डातून मात्र काही फुटण्याची भीतीच नव्हती, म्हणून काम झटपट व्हायचं. लष्कर निर्दय होतं, एवढ्यावर वर्ग थांबू पाहील. थांबू देऊ नकोस. त्या तारखेपर्यंत मुलगा जिवंत होता, हे आईला याच कार्डातून कळत होतं.

पुढच्या तासिकांसाठी १ जुलै १९१६ हा एकच दिवस घे, फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईचा पहिला. एका दिवशी एखाद्या ब्रिटिश बटालियनची युद्ध-दैनंदिनी वाचा, दुसऱ्या दिवशी त्या आठवड्यातलं लंडनचं वर्तमानपत्र. बातम्यांत आगेकूच आहे. नंतरच्या हिशेबात ब्रिटिशांचे ५७,४७० हताहत, त्यांपैकी १९,२४० मृत. बातमीदार खोटं बोलला, की त्याला कळलंच नव्हतं, की छापू दिलं नाही? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मुलं त्यांची हमखास गल्लत करतात. त्याच वर्षी या लढाईवर निघालेल्या ब्रिटिश माहितीपटात खंदकातून बाहेर पडणाऱ्या सैनिकांचं गाजलेलं दृश्य आघाडीमागे मुद्दाम घडवून चित्रित केलेलं आहे. त्यातले जखमी मात्र खरे आहेत. मग ती फिल्म पुरावा म्हणून टाकून द्यायची का? यावर भांडू दे त्यांना.

युद्धाच्या कारणांसाठी जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म आणि रशियाचा सम्राट झार निकोलस यांनी जुलै १९१४ अखेर एकमेकांना केलेल्या तारा (टेलिग्राम) पुरेशा आहेत. तारखेप्रमाणे वाचल्या की झालं.

फ्रान्समधे लढणाऱ्या हिंदी, म्हणजे भारतीय, सैनिकांची पत्रं वगळू नकोस, पण सावधपणे वापर. पुष्कळांना लिहिता येत नव्हतं. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि आपल्यापर्यंत येतात ते बहुधा सेन्सॉर कचेरीनं इंग्रजीत उतरवलेले निवडक उतारे. पत्र फोडलं जातं हे शिपायांना ठाऊक होतं, म्हणून कुणी ‘काळी मिरी’ लिहून हिंदी फौज सुचवी, ‘लाल मिरची’ लिहून गोरी. असं पत्र वाचताना मुलांना विचार, हे नेमकं कुणासाठी लिहिलंय?

एक गोष्ट मात्र आखणीतून काढच : ‘तुम्ही खंदकातले सैनिक आहात अशी कल्पना करून घरी पत्र लिहा.’ मुलं सिनेमात पाहिलेलं युद्ध लिहितात, आपणही गहिवरून गुण देतो आणि साधन बाजूलाच राहतं. त्याऐवजी परीक्षेत न पाहिलेला एक कागद दे आणि दोनच प्रश्न घाल : यावरून काय ठरवता येत नाही, आणि ते ठरवायला दुसरा कुठला कागद शोधाल?

पोस्टकार्डाची चांगली प्रत लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात मिळेल. मुलांना देताना ती मूळ आकारातच छाप, मोठी करू नकोस.

तुझा,
एक जुना शिक्षक