घोडे किंवा बैल ठेवून, ट्रॅक्टरशिवाय घरचा छोटा गोठा चालवता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावी सात एकर आहे, दोघंही पुण्यात नोकरीला. अमेरिकेतल्या आमिश लोकांचे (ट्रॅक्टर टाळून जुन्या पद्धतीनं राहणारा ख्रिस्ती पंथ) घोड्यांच्या नांगराचे व्हिडिओ बघितले आणि वाटलं, चार गायी, घोड्यांची नाहीतर बैलांची एक जोडी, आणि डिझेलचं, बाजाराचं, कुणाचंच मिंधं नसलेला स्वयंपूर्ण गोठा करावा. जमेल का, किती जनावरं, किती खर्च?

जमतं. साताऱ्यातल्या माण तालुक्यात माझा असा गोठा आहे. पण खाली कुणीतरी लिहून गेलंय की ‘बैल आता परवडत नाहीत, भावनेवर शेती होत नाही’, म्हणून हे उत्तर लिहायला बसलो. हे वाक्य मी घरात दहा वर्षं ऐकलंय.

घोड्याचं आधी मिटवतो. पेन्सिल्व्हेनियात लँकेस्टरकडचे आमिश बेल्जियन, पर्शेरॉन जातीचे जे घोडे जुंपतात ते एकेक आठ-नऊशे किलोचं धूड. तिथं थंडी आहे, गवत आहे, घरात हाताखाली पाच-सात पोरं आहेत. आमच्याकडं घोडं म्हणजे मेंढरांमागं बिऱ्हाड वाहणारं धनगराचं तट्टू, नाहीतर वरातीचं. शिवाय घोडं रवंथ करत नाही. बैल वाळला कडबा खाऊन लिंबाखाली बसतो आणि त्यातनंच कस काढतो. घोड्याला तेवढ्यावर भागत नाही, आणि खाण्यात जरा इकडंतिकडं झालं की पोटशूळ. आणि मुख्य म्हणजे घोडीच्या पोटी गाय येत नाही. आमिशांकडं दूध देणारं जनावर वेगळं, ओढणारं वेगळं. आपल्याकडं ते एकाच दावणीचं होतं. गाय घरापुरतं दूध द्यायची आणि तिचाच गोऱ्हा तीन-साडेतीन वर्षांनी जोताला यायचा. आपल्या स्वयंपूर्णपणाचा सगळा जीव एवढ्यात होता, आणि तो घोडे न आणताच आपण घालवला.

कसा, ते सांगतो. आमच्याकडं होती खिलार, ही इथली कामाच्या बैलांची जात. खिलार गाय दोन-तीन लिटरच्या वर फारशी जात नाही. डेअरीला घालायला दूध हवं म्हणून एचएफ (होल्स्टीन), जर्सी या विलायती जातींचा संकर आला. दूध पंधरा-वीस लिटरवर गेलं. पण त्या गाईला गोऱ्हा झाला की गोठ्यात सुतक. त्याला वशिंड नाही, ऊन सोसत नाही, आणि जो जोताला चालत नाही तो गोऱ्हा शेतकऱ्याच्या दारात नुसतं खाणारं तोंड. हे मी ऐकीव सांगत नाही. २०१६ ला मी स्वतः बंड्या नावाचं संकरित खोंड चिमटा मारून, म्हणजे खच्ची करून घेतलं आणि जुंपायला शिकवलं. जोडीला चुलत्याचा म्हातारा खिलार. अंगानं बंड्या दीडपट. सकाळी साडेसातला कुळव धरला. जू मानेवर ठरेना, मागं सरकून पाठीवर जायचं, कारण मागनं अडवायला वशिंडच नाही. सापती (जुवाचा गळ्याखालचा पट्टा) आवळून बघितली, जुवाला गोणपाट गुंडाळून बघितलं. दहा वाजता बंड्याची जीभ बाहेर, तोंडाला फेस, आणि साडेदहाला तो चक्क तासात बसला. म्हातारा खिलार शेजारी उभा राहून रवंथ करत होता. बांधावर चार माणसं बसलेली, त्यातलं एक म्हणालं, ‘अरं, त्याला पंखा लाव.’ बंड्या नंतर सहा वर्षं नुसता खाऊन राहिला आणि २०२२ च्या लंपी रोगात गेला.

आता हा उद्योग मी का केला? घरची जोडी विकली होती म्हणून.

२०१२-१३ चा दुष्काळ. मी दोन संकरित गायी आणि हौश्या-माणक्या ही जोडी घेऊन चारा छावणीत होतो. पाचटाचं छप्पर, टँकरचं पाणी, खायला ऊस आणि वाढं, म्हणजे उसाचे शेंडे. नुसता ऊस चावून जनावरांच्या हिरड्या सोलवटल्या होत्या. माझा थोरला भाऊ गलाईच्या धंद्यात, दक्षिणेत. आमच्याकडची निम्मी घरं तशीच चालतात, पोरं देशभर सोनं-चांदी गाळतात आणि पैसे गावी येतात. दादा यात्रेला आला, छावणी बघितली आणि म्हणाला, ‘गायी राहू देत, त्या दूध देतात. बैल बसून खातात. विका, मी ट्रॅक्टर घेऊन देतो.’ तो पैसे पाठवत होता आणि मी त्यावर जगत होतो. काय बोलणार?

सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात आण्णा म्हणजे आमचे वडील, दादा आणि मी. ज्यांनी हा बाजार बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, तिथं मोठा सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातावर उपरणं टाकतात आणि खाली बोटं दाबून आकडा सांगतात. बाजूला उभ्या माणसाला नुसतं उपरणं हललेलं दिसतं. आण्णांनी आधी एका हेडीशी, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्याशी, हात घातला. बराच वेळ चाललं. हेडीनं माणक्याचं तोंड उघडून दात बघितले, दोघांना पाच पावलं चालवून बघितलं, परत हात घातला. आण्णांनी मान हलवली आणि उपरणं ओढून घेतलं. मग कर्नाटकातल्या अथणीकडचा एक शेतकरी आला. त्यानं दात नंतर बघितले, आधी मानेवरचा घट्टा चाचपला आणि ‘डावीकडं कोण चालतो?’ एवढंच विचारलं. त्याच्याशी दोन मिनिटांत सौदा झाला. ४१,००० रुपये. दादानं विचारलं, ‘हेडी किती म्हणत होता?’ आण्णा म्हणाले, ‘कमीच.’

दादाला ते पटलं नाही. छावणीत मी एकदा बोलून गेलो होतो की विकायचेच तर हेडीला नको. दादाच्या डोक्यात बसलं, की मी आण्णांचे कान भरले आणि पैसे बुडवले. पुढं कुठलाही हिशेब निघाला की हे निघायचं.

ट्रॅक्टर आला, जुना, तीन लाख दहा हजारांचा, हप्त्यावर. दर सहा महिन्यांचा हप्ता दुधातनं जायचा. सात एकराला वर्षात तो पंचेचाळीस-पन्नास तास चालायचा, बाकी दारात उभा. दादा म्हणायचा भाड्यानं फिरव. गावात आधीच अकरा ट्रॅक्टर, आणि भाडं सगळं उधारीवर. ‘बैल बसून खातात’ म्हणणाऱ्यांनी उभ्या ट्रॅक्टरचं व्याजही मांडावं. बैल बसून खातो तेव्हा निदान शेण टाकतो. दोन घनमीटरच्या गोबर गॅसला रोज पन्नासेक किलो शेण लागतं. जोडी आणि तीन गायी असल्यावर ते भरून उरतं, घरातला सिलिंडर सणापुरता. २०१८ ला ट्रॅक्टर विकला. जे आलं त्यात राहिलेलं कर्ज फिटलं, वर काही उरलं नाही.

तुमच्या प्रश्नाकडं येतो. सात एकरात जोडी, दोन संकरित गायी आणि एक खिलार, इतकंच ठेवा. चार संकरित ठेवल्या की तुम्ही दूधवाले झालात, शेती पेंडीसाठी करायला लागाल. खिलार गाय कशाला, तर घरच्या दुधाला आणि पुढच्या बैलाला. अडीच-तीन एकर शाळू लागतो. खायची ज्वारी त्यातच आणि उन्हाळ्याच्या पाच महिन्यांचा बैलांचा कडबाही त्यातच, दोघांना रोज दहा पेंढ्या धरा, म्हणजे दीड हजार. पावसाळ्यात बांधाचं गवत, हिवाळ्यात कडवळ (चाऱ्याची हिरवी ज्वारी). अर्धा एकर हत्तीगवत आणि घास गायींना, थोडा मका मुरघासाला. आमची जोडी कुळवाची पाळी दिवसाला दोन एकर घालते. खर्चाचा आकडा मात्र देत नाही, कारण तुमचं पाणी किती आहे ते तुम्ही लिहिलंच नाही. आमच्याकडं पाणी म्हणजेच खर्च.

आणि ‘स्वयंपूर्ण’ हा शब्द काढून टाका. सरकी पेंड बाहेरनं येते, मिनरल मिक्श्चर बाहेरनं येतं, कृत्रिम रेतनाची कांडी बाहेरनं येते. दुधाचा दर तर कुठं ठरतो ते देव जाणे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून बाकीचा घन भाग) दुधाला आमच्या हातात लिटरमागं अठरा रुपये पडत होते आणि पाण्याची बाटली वीसला होती. तुमच्या आमिशांपैकीही बरेच जण दुधाची टाकी डिझेल इंजिनावर थंड करतात. दूध विकायचं म्हटलं की कुणाचं तरी ऐकावंच लागतं. बैल ठेवून तुम्ही फक्त मशागतीपुरते मोकळे होता. मला तेवढं पुष्कळ वाटतं.

आता न आवडणाऱ्या गोष्टी. खोल नांगरट मी बैलांनी करत नाही. दोन वर्षांतनं एकदा ट्रॅक्टर भाड्यानं सांगतो, एकरी अडीच हजार. होय, त्याच अकरातला एक. दुसरं, माझी बायको अंगणवाडीत आहे. तिचं मानधन थोडं असलं तरी महिन्याला येतं, आणि पेंडीचं बिल कितीदा तरी त्यातनं गेलंय. तिसरं, २०१५ च्या कायद्यानंतर बैलाची कत्तल बंद आहे, म्हणजे थकलेला बैल मरेपर्यंत तुमच्या दावणीला, तो हिशेब आधीच धरा. चौथं, डिसेंबर २०२१ ला बैलगाडा शर्यतींना परवानगी मिळाल्यापासून बऱ्या खोंडाला शर्यतवाले जे भाव देतात ते जोताच्या शेतकऱ्याला झेपत नाहीत. आणि दोघं पुण्यात राहून हे होणार नाही. गडी ठेवून बैल ठेवता येत नाहीत. बैलाला रोजचा माणूस लागतो, रविवारचा नाही.

मी खोंडं २०१९ ला घेतली. पुन्हा दुष्काळ, बाजार पडलेला, शर्यती बंद. आदत (अजून दुधाचे दात असलेली) जोडी पासष्ट हजाराला मिळाली. म्हणजे मीही कुणाच्या तरी अडचणीतच उचलली, ते लपवत नाही. त्याच बाजारात तो जुना हेडी भेटला. थकला होता, चहा पाजला. आण्णा २०१७ ला गेल्याचं सांगितलं. तो म्हणाला, ‘तुझ्या बापाला मी त्रेपन्न म्हटलं होतं. पाचदा बोटं दाबली. सोडला नाही बाबा हात त्यानं.’ जोडी विकली तेव्हा बैलांच्या कत्तलीला सरसकट बंदी नव्हती. हेडीनं घेतलेली जोडी त्या दुष्काळात कुठं जायची ते बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं.

बारा हजार. छावणीत बसलेल्या, नातवाची फी थकलेल्या माणसानं उपरण्याखाली बारा हजार सोडले आणि दोन पोरांपैकी एकालाही कळू दिलं नाही.

हे मी दादाला अजून सांगितलेलं नाही. सांगायला गेलो की मी जिंकल्यासारखं होतं, आणि खरं तर पैशाचं त्याचंच बरोबर होतं. त्याचा मुलगा इथं वाचत असतो. वाचलंस तर बापाला वाच बाळा: बारा हजार गेले होते हे खरं, पण कान मी भरले नव्हते. बाकी ट्रॅक्टरचं माझंच बरोबर होतं, तेही वाच.

एक राहिलं. जोडी घ्यायच्या आधी तुमच्या भागात पत्री, म्हणजे बैलाच्या खुराला नाल, मारणारा माणूस शोधा. डांबरी रस्त्यावर आठ दिवस गाडी चालली की खूर झिजतो आणि बैल पाय टेकत नाही. आमच्याकडचा एकच आहे, साठीपुढचा, गुरुवारी येतो, आणि बैल पाडून पाय बांधायला दोन माणसं तुमची लागतात.